कुर्मात काढलेली फिल्म

आमच्या घरात दोन चुली होत्या आणि त्यांचं एकमेकींशी पटत नव्हतं. एक आत, बाची. रोज सारवलेली, तिच्यावर भात, वरण, एखादी भाजी, आणि ज्या दिवशी काहीच नसेल त्या दिवशी नुसती पेज. दुसरी बाहेर चिंचेखाली, मायची. तीन दगड, वर काळं झालेलं गाडगं, आणि त्यात सुकी मासळी, पावसाळ्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, कधी कोंबडीचा रस्सा. शेजारी लाल मुंग्यांची चटणी वाटायचा पाटा. वास आत गेला की बा ओसरीवर बसल्या बसल्या खाकरायचा. माय उलट बोलायची नाही, फक्त गाडग्यावरचं झाकण काढून बाजूला ठेवायची, म्हणजे वास आणखी जोरात आत जाईल. मी दोन्हीकडे जेवायची. गावातल्या बाया म्हणायच्या, पोरीची मजा आहे. मजा कसली डोंबलाची! इकडे जेवलं की तिकडचा रुसवा, तिकडे जेवलं की इकडचा.

हे आधी असं नव्हतं. माझी मोठी बहीण जुरी एका तेंदूच्या हंगामात पानं तोडायला म्हणून गेली ती परत आली नाही. जंगलात बंदुका घेऊन फिरणाऱ्यांना आमच्याकडे तेव्हा ‘दादा लोक’ म्हणत. ती त्यांच्यात गेली. ‘गेली’ एवढंच म्हणायचं, कुठं ते विचारायचं नाही, अशी रीत होती. त्यानंतर बानं मोहाची दारू सोडली आणि मैदानी मुलखाकडून येणाऱ्या एका महाराजांची कंठी गळ्यात घातली. कंठीवाल्यांना मांस चालत नसे, दारू चालत नसे, आणि आमचे जुने देव तर मुळीच चालत नसत. मायनं उलट केलं. तिनं जुन्या देवांना आणखी घट्ट धरलं. एकाच दुखण्यावर दोघांनी दोन वैद्य केले आणि गुण कोणालाच आला नाही. माझी आश्रमशाळा मात्र सुटली, कारण दुसरी पोरगीही नजरेआड नको यावर दोघांचं एकमत होतं. तेवढं एकच एकमत.

त्या वर्षाचे आवाज अजून कानात आहेत. पहाटे मोहाची फुलं पाचोळ्यावर पडायची, टप, टप, आणि तेवढ्यात ओसरीवर बाचे टाळ सुरू व्हायचे. दुपारी पोलिसांची गाडी नाल्यापर्यंत येऊन थांबायची आणि परत जायची. घरात कोणी कोणाशी बोलत नसे. मी बकऱ्यांशी बोलायची, शाळेतल्या कविता त्यांना म्हणून दाखवायची. बकऱ्यांना मराठी येत नव्हती. आमच्या घरीच येत नव्हती तर त्यांना कुठून येणार? आम्ही गोंडी बोलायचो. इथं मी आमच्यातलं बोलणं झाडी मराठीत लिहिते आहे, ते तुमच्यासाठी.

अशा घरात वसुधाताई आल्या. मुंबईच्या. खांद्यावर कॅमेरा, पायात पुरुषांसारखे बूट, एकटी बाई. चंद्रपूरहून जीपनं आल्या, जीप सोडून दिली आणि म्हणाल्या, मला राहायचं आहे. त्यांना फिल्म काढायची होती, या भागातल्या बायांवर. देव बदलताहेत, राज्य दिवसा एकाचं आणि रात्री दुसऱ्याचं, यात बाया कशा जगतात ते दाखवायचं, असं त्यांनी मला सांगितलं आणि मी ते गावातल्या बायांना सांगितलं. गावात सगळ्यांत म्हातारी पेंदी होती. ती म्हणाली, “आमच्यावर फिल्म? काऊन, आमी काय केलं?” मराठी येणारी पोरगी म्हणून वसुधाताईंना आमच्याच घरी ठेवलं. त्या दोन्ही चुलींवर जेवल्या. मुंग्यांची चटणी खाऊन त्यांच्या डोळ्यांतून जे पाणी आलं ते पाहून माय हसली. जुरी गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला त्या मुंबईवालीचा थोडा राग आला.

आता कुर्मा. गावाच्या कडेला, मोहाच्या झाडांच्या पलीकडे, कुडाच्या भिंतींची एक खोपटी असायची. पाळी आली की बाईनं तिथं जाऊन राहायचं, दिवस संपले की नाल्यावर न्हाऊन परत यायचं. जेवण घरून कोणी तरी नेऊन लांब ठेवायचं. त्या काळात तिनं शिवलेल्या वस्तूला पुरुष हात लावत नाही, आणि कुर्माकडे तर तो पाहतही नाही. वाट तिथून गेली तर मान वळवून जातो. मी पुढं नर्स झाले. कुर्मात साप चावून मेलेली बाई मी पाहिली आहे, बाळंतपणाचा ताप अंगावर काढलेल्या पाहिल्या आहेत, आणि गावोगाव या खोपटांविरुद्ध घसा कोरडा केला आहे. तेव्हा मी त्याची वकिली करते आहे असं कोणी समजू नये. पण जे होतं ते होतं. दादा लोक यायचे नाहीत, पोलीस यायचे नाहीत, महाराज तर नाहीच नाही, अशी आमच्या मुलखात एकच जागा होती आणि ती बायांची होती. तिथं बाया मोठ्यानं हसायच्या. लांबून ऐकलं की मला वाटायचं, मी मोठी कधी होणार?

वसुधाताईंना कुर्मात कॅमेरा न्यायचा होता. पेंदीनं साफ नाही म्हटलं. दिवस असल्याशिवाय कोणाला आत जाता येत नाही. मग एका सकाळी वसुधाताईंनी माझ्या कानात काही सांगितलं, मी ते लाजत पेंदीच्या कानात सांगितलं, आणि पेंदीनं दात नसलेलं तोंड भरून हसत त्यांना वाट दाखवली. बाई कॅमेऱ्यासकट कुर्मात जाऊन बसल्या. माय त्या वेळी आतच होती. पेंदीचे दिवस कधीच संपले होते, पण म्हातारीला तिथं बसायची मुभा होती आणि ती गप्पांसाठी ती मुभा रोज घ्यायची. मला आत जाता येत नव्हतं. मी बाहेर कुडाला पाठ लावून बसायची आणि आतलं बोलणं मराठीत करून कुडाच्या फटीतून परत आत पाठवायची.

पहिल्याच दिवशी बायांनी विचारलं, हे पुरुष पाहतील काय? वसुधाताई म्हणाल्या, इथं तर आपण सगळ्या बायकाच आहोत. मी तसंच सांगितलं. बायांना ते पटलं, कारण त्यांच्या हिशेबानं दुसरं काही होऊच शकत नव्हतं. कुर्माकडे पुरुष पाहत नाही. मग कुर्मात काढलेली फिल्म तरी तो कशी पाहील? तो मान वळवेल. आज कोणी या भोळेपणाला हसेल. हसा बापडे. ज्या नियमावर आजीची, पणजीची अब्रू उभी होती तो नियम एका काचेच्या डोळ्यापुढं मोडेल हे त्यांना का वाटावं?

मग त्या बोलल्या, आणि काय काय बोलल्या! कोणाचा नवरा कंठी घालून चोरून कोंबडी खातो, कोणाला ठाण्यात दिवसभर उन्हात उभी केली, कोणाच्या घरी दादा लोकांनी भात मागितला आणि सकाळी पोलिसांनी भांडी मोजली. मी भाषांतर करत होते. मग मायचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू. ती म्हणाली, “माही जुरी इथी येते.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. पण ती बोलत राहिली. मी कुर्मात असली का ती येते, म्हणाली. अंधार पडायच्या आधी नाल्याकडून येते. इथी तिले कोणी पाहत नाई. केस कापले तिनं. पायाले फोड हायेत. येते, भात खाते, माह्या मांडीवर डोकं ठेवते अन् जाते. हे एकेक वाक्य मी मराठीत करून आत पाठवलं. ‘माझी मोठी मुलगी इथे येते.’ माझ्या स्वतःच्या तोंडून, शाळेत शिकलेल्या शुद्ध मराठीत, मला कळलं की माझी बहीण जिवंत आहे, हाकेच्या अंतरावर येऊन जाते आहे, आणि मला कोणी सांगितलेलं नाही. मी कुडाबाहेर बसले होते. रडले असते तर भाषांतर थांबलं असतं, म्हणून रडले नाही.

माय न्हाऊन घरी आल्यावर मी तिला विचारलं, मले काऊन नाई सांगतलं? ती शेंगा सोलत होती. म्हणाली, “तुह्या तोंडावर सारं दिसते.” एवढंच. ते खरंच होतं, अजूनही माझ्या तोंडावर सगळं दिसतं. पण जुरी माझ्याबद्दल काही बोलते का, आपली मैनी कशी आहे असं विचारते का, हे मला जाणून घ्यायचं होतं आणि ते मी विचारू शकले नाही.

जायच्या आधी वसुधाताईंनी गावाला फिल्म दाखवायचं ठरवलं. आभार म्हणून. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी आजही म्हणेन. शाळेचा टीव्ही आणला, तेंदूच्या ठेकेदाराचा जनरेटर आणला. गुरं घरी परतायच्या वेळेला सगळं गाव शाळेच्या पटांगणात. कंठीवाले एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या. ठाण्यातले दोन पोलीस साध्या कपड्यात आले होते. दादा लोकांना निरोप पोचवतो असं ज्याच्याबद्दल सगळ्यांना ठाऊक होतं तो माणूसही आला होता. दोन्हीकडचे कान हजर. पोलिसांना कळलं तर जुरी नाल्यावर धरली जाणार. दादा लोकांना कळलं की पोरगी न सांगता मायकडे जाते, तर ते तिला काय करतील हे विचारायचीही हिंमत नव्हती.

आधी मोह वेचणाऱ्या बाया दिसल्या. स्वतःला टीव्हीत पाहून लोक खिदळले. वसुधाताई मागं बायांमध्ये बसून चारं, म्हणजे चारोळीची फळं, खात होत्या. त्यांना वाटलं ही कॅसेट मोहाचीच आहे. मोह संपला आणि एकदम अंधारी खोपटी आली, आणि त्यात पेंदीचं बोळकं. आमचा गायता, म्हणजे गावचा पुजारी, त्यानं तत्क्षणी टीव्हीकडे पाठ फिरवली. आणखी काही म्हाताऱ्यांनी फिरवली. बायांचा हिशेब अगदीच चुकला नव्हता, अर्ध्या गावापुरता तो बरोबर होता. पण तरणी पोरं पाहत राहिली, कंठीवाले पाहत राहिले, आणि पोलीस तर पुढं सरकून पाहू लागले. मग पडद्यावर माझी माय आली. ती बोलायला तोंड उघडते आहे हे मला दिसलं.

माझ्या शेजारून कोणी उठलं. ती मायच होती. ती सरळ पटांगणाच्या मधून चालत गेली, पुरुषांच्या मधून, आणि दोन्ही हात टीव्हीवर ठेवून म्हणाली, “मी कुर्मातली हाय.”

मोहोळाला कोणी दगड मारावा तसं पटांगण उठलं. कुर्मातली बाई, पुरुषांच्या सभेत, सगळ्यांना शिवत! ज्यांनी पाठ फिरवली नव्हती ते पळाले. दोघा पोलिसांतला एक आमच्याच गावचा पोरगा होता, त्यानं दुसऱ्या पोलिसाला दंडाला धरून ओढलं. बा माझ्या समोरून गेला. त्याचा हात कंठीवर होता आणि चेहरा मला पाहवला नाही. टीव्हीला आता कोणी पुरुष हात लावणार नव्हता. पण आवाज? आतली माय बोलतच होती, माही जुरी, आणि बाहेरची माय पडदा अंगानं झाकून उभी होती. तेव्हा पेंदीनं रेला धरला. ती म्हातारी, जिला खोकल्याशिवाय वाक्य पुरं करता येत नसे, तिनं बसल्या जागेवरून गाणं उचललं, आणि सगळ्या बायांनी ते इतक्या जोरात म्हटलं की जनरेटरसुद्धा ऐकू येईना. कंठीवाल्यांच्या बायकाही गायल्या. वसुधाताईंना गोंडी येत नव्हती, पण त्यांना कळलं. त्या धावत गेल्या आणि त्यांनी वायर उपटली.

सकाळी त्यांनी ती कॅसेट मायच्या हातात दिली नाही, कुर्मातल्या बाईला द्यायच्या आमच्या रीतीप्रमाणे समोर जमिनीवर ठेवली. पेंदीनं ती चुलीत टाकली. फार घाण वास आला. फिल्म पुढं पुरी झाली, बक्षीसही मिळालं म्हणे. मी ती कैक वर्षांनी नागपुरात, खुर्च्यांच्या हॉलमध्ये पाहिली. माय त्यात एकदाच आहे, पाठमोरी, डोक्यावर मोहाची टोपली. नंतर चर्चा झाली. एक गृहस्थ म्हणाले की यातल्या स्त्रिया फार कमी बोलतात, दिग्दर्शिकेनं त्यांना बोलतं करायला हवं होतं. मी उठून चहा प्यायला गेले. मायचा आवाज जगात कुठंच राहिला नाही, आणि त्याचं वाईट वाटतं. जाळला नसता तर काय झालं असतं, तेही मला ठाऊक आहे.

गाव न्यायाला बसलं. गायत्यानं विचारलं, तू खरंच कुर्मातली होतीस काय? इकडे आड, तिकडे विहीर. हो म्हणावं तर सभा विटाळली, नाही म्हणावं तर आधीचं बोलणं देवासमोर खोटं ठरणार. माय म्हणाली, होती. खरं तर तिचे दिवस संपून आठवडाही झाला नव्हता, आणि गावातल्या प्रत्येक बाईला ते माहीत होतं. एकीनंही तोंड उघडलं नाही. गायत्यानं दंड सांगितला: देवाला डुक्कर आणि मोहाची दारू, नवऱ्याच्या हातून. ते होईस्तोवर तिनं बाहेर, कुर्मात राहायचं.

नवऱ्याच्या हातून! कंठीवाल्याच्या हातून डुक्कर आणि दारू. कंठीवाले बाला म्हणाले, हात लावलास तर कंठी उतर. बा तीन दिवस नुसता बसून होता. मग मला म्हणाला, “मायले सांग, मले जमत नाई. पोरगी गेली तवापासून हे एकच गळ्यात हाय.” मी कुर्मापाशी जाऊन लांबून सांगितलं. मायनं आतूनच सांगितलं, जमत नाई तं राहू दे. मला वाटलं ती चिडेल, रडेल. तिचा आवाज अगदी सुखात होता. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की माय आता रोज कुर्मात राहणार होती. जुरीला आता दिवस मोजावे लागणार नव्हते.

ती मला म्हणाली, उद्यापासून भात दोघींपुरता आण.

घरी आता एकच चूल पेटायची, बाची, आणि तिच्यावर तोच रांधायचा. मी त्याला सांगितलं, भात जास्त लागते. त्यानं का म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं दोन द्रोण भरले, आणि एकात, कंठी गळ्यात असताना, चिंचेखालच्या मडक्यातली सुकी मासळी भाजून ठेवली. जुरीला ती आवडायची. मग तो नाल्यावर जाऊन बराच वेळ हात धूत बसला. त्याच्याशी मी जन्मभर भांडले, पण ते हात धुणं आठवलं की माझं भांडण संपतं.

मी रोज दोघींचा भात न्यायची आणि सकाळी एकीचा परत आणायची. उन्हाळा गेला, पाऊस झाला, धान निसवलं. जुरी आली नाही. टीव्हीची गोष्ट जंगलात पोचली असेल आणि तिला बंदी झाली असेल. किंवा ती दूर गेली असेल. किंवा पोरगी तोवर राहिलीच नसेल. तिचं काय झालं ते आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही. गायत्यालाही मायची दया आली. त्यानं निरोप पाठवला, डुक्कर राहू दे, कोंबडीवर भागवू, ती पेंदी देईल, तू घरी ये. माय म्हणाली, अजून माहे दिवस संपले नाईत. लोक म्हणू लागले, तिचं डोकं फिरलं. मी सांगते, काही फिरलं नव्हतं. ती वाट पाहत होती. मी घरात बाचे टाळ ऐकत पडायची आणि मनात म्हणायची, तुला दोन पोरी आहेत माय. दुसरी रोज तुझ्या दारापर्यंत येते, भात ठेवते आणि परत जाते.

धान कापणीच्या दिवसांत, एका दुपारी बांधावरच, मला कळलं की मी मोठी झाले. भीती वाटायला हवी होती. मी विळा टाकला, कोणाला काही सांगितलं नाही आणि सरळ कुर्माकडे चालू लागले. नाल्याकडून जाणारी वाट जवळची होती म्हणून त्या वाटेनं गेले. ऊन कलत होतं. पाचोळ्यावर माझे पाय वाजत होते. मी जवळजवळ पळत होते, कारण आता मला आत जाता येणार होतं.

मी दारात वाकले. आत अंधार होता. माय उठून उभी राहिली, तिचे दोन्ही हात माझ्याकडे आले, आणि ती म्हणाली, “जुरी?”

मी म्हटलं, “नाई माय. मैनी.”

तिचे हात तसेच राहिले. खाली घेतले नाहीत, पुढंही केले नाहीत. मग तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, तिला कळलं, आणि तिनं कोपऱ्यातली दुसरी चटई उलगडली. ती नवी होती, अजून कोणी तिच्यावर बसलं नव्हतं.

“बस,” ती म्हणाली. मी त्या चटईवर बसले.